वऱ्हाडाला विचारले कोणी?

सोयाबीनच्या ऐन हंगामात बुलढाणा जिल्ह्यातल्या एका बाजार आवारात आम्ही तासभर उभे होतो. ताडपत्रीवर सात-आठ पोत्यांचा ढीग ओतलेला. ढिगाचा धनी घाटावरचा एक साठीचा कास्तकार, डोक्याला उपरणे, ढिगाशेजारी उकिडवा बसलेला. व्यापारी आला. त्याने ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला, मूठभर दाणे वर काढले, तळहातावर फुंकर मारली, एक दाणा दाताखाली फोडला आणि ओल मोजायच्या यंत्राकडे न पाहताच 'ओल हाये' म्हणून निकाल दिला. हर्रासाची बोली चार हजारांच्या आत-बाहेर घुटमळून थांबली. सरकारचा हमीभाव त्या दिवशी क्विंटलला 5,328 रुपये होता. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने तसे लिहिलेलेही होते.

'काऊन बाप्पा, एवढा काऊन पाडला?'

'मी काय करू काका, वरूनच मंदी हाये. सोयापेंडीले उठाव नाही, पाम पडलं.'

'वरून म्हंजे कुठून?'

व्यापाऱ्याने मोबाइल खिशात टाकला आणि बोट वर केले. म्हातारा खरोखरच वर पाहू लागला. वर पत्र्याचे छप्पर होते आणि त्यावर कबुतरे बसली होती.

त्या म्हाताऱ्याला मिळाले नाही ते उत्तर आम्ही आज देतो. हे 'वर' जिनिव्हात आहे, लंडनमध्ये आहे, वॉशिंग्टनमध्ये आहे, क्वालालंपूरच्या पाम तेलाच्या सौद्यांत आहे, आणि सगळ्यांत जास्त ते दिल्लीतल्या वाणिज्य खात्याच्या बंद दालनांत आहे. तिथे आमच्या सोयाबीनचे, आमच्या कापसाचे, आमच्या तुरीचे काय करायचे ते ठरते. ठरवणाऱ्यांनी पऱ्हाटी पाहिलेली नसते आणि ज्याने पाहिली आहे त्याला त्या दालनाच्या पायरीवरही उभे केले जात नाही. परदेशाशी करार होतो, सह्या होतात, दोन मंत्री हातात हात घालून कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि मग आम्हाला वर्तमानपत्रातून कळते की आमचा सौदा झाला! गुरांच्या बाजारात बैल विकतानासुद्धा दलाल उपरण्याखाली मालकाची बोटे दाबून भाव विचारतो. आमची ती बोटेही कोणी दाबली नाहीत.

2025 च्या ऑगस्टचीच गोष्ट घ्या. अमेरिकेने भारतीय मालावर आधी 25 टक्के आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के शुल्क लादले. कापडगिरण्यांचे मालक आणि तयार कपड्यांचे निर्यातदार दिल्लीला धावले. त्यांचे रडणे खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. पण इलाज काय निघाला? 18 ऑगस्टला एक अधिसूचना निघाली आणि परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क दुसऱ्या दिवसापासून 30 सप्टेंबरपर्यंत शून्यावर आले. दहा दिवस गेले नाहीत तोच ही मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्यापासून जळगाव जामोद-संग्रामपूरपर्यंत, त्या वेळी पऱ्हाटीला पाती-फुले लागत होती. म्हणजे बोंड फुटायच्या आत दार उघडले आणि पहिल्या वेचणीपासून वर्षअखेरपर्यंत, कास्तकाराचा माल बाजारात यायच्या नेमक्या दिवसांत, ते उघडे ठेवले. काठी अमेरिकेने गिरणीवर उगारली आणि वळ उमटला तो वेचणी करणाऱ्या बाईच्या पाठीवर! लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये हमीभाव जाहीर करायचा आणि त्याच तोंडाने बाहेरच्या कापसाला 'या, बसा' म्हणायचे, याला धोरण म्हणायचे की थट्टा?

अधिसूचना काही करार नव्हे, असे कोणी वकिली थाटात सांगेल. बरोबर आहे. पण करार असो की अधिसूचना, दुखणे एकच. त्याआधी 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाशी रीतसर करार झाला आणि दरवर्षी 51 हजार टन लांब धाग्याचा कापूस बिनशुल्क आणायची मुभा त्यात लिहून दिली गेली. ऑगस्ट 2021 मध्ये 12 लाख टन जनुकबदल केलेल्या सोयाबीनची पेंड आणायला परवानगी दिली. तेच बियाणे आमच्या कास्तकाराने पेरले तर गुन्हा, आणि त्याची पेंड जहाजातून आली तर पोल्ट्रीला दिलासा! दहा हजारांच्या घरात पोचलेला सोयाबीनचा भाव त्या वर्षीचा नवा माल बाजारात येईपर्यंत निम्म्यावर आला. खाद्यतेलाचे पाहा. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या तेलावरचे शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केले. कास्तकाराने त्या भरवशावर पुढच्या खरिपाचे बियाणे पाहायला घेतले. आणि मे 2025 च्या शेवटी, पेरणीच्या तोंडावर, तेच शुल्क 16.5 वर आणून ठेवले. नेपाळात सोयाबीन पिकते किती? तरी दक्षिण आशियाई व्यापार कराराच्या आडोशाने तिथून शुद्ध केलेले सोयाबीन तेल शून्य शुल्काने आमच्या बाजारात उतरते. ही वाट कोणी ठेवली, कोणत्या कलमात ठेवली, हे चिखलीच्या आणि मेहकरच्या कास्तकाराला कोणत्या ग्रामसभेत वाचून दाखवले? एकाही नाही.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते वाचून ज्याला संताप येणार नाही त्याने खुशाल हा अंक बाजूला ठेवून द्यावा.

स्वित्झर्लंड नावाचा देश आमच्या वाचकांना हिंदी सिनेमातल्या बर्फामुळे माहीत आहे. 10 मार्च 2024 रोजी नवी दिल्लीत भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी व्यापार करार केला. सह्या झाल्या. पण करार लगेच लागू झाला नाही. का? कारण स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत अशी सोय आहे की असा करार त्यांच्या संसदेने मंजूर केल्यावरही 100 दिवस थांबायचे. त्या 100 दिवसांत 50 हजार मतदारांनी सह्या करून मागणी केली तर करार साऱ्या देशाच्या मताला टाकावाच लागतो. भारताशी झालेल्या करारावर त्यांनी हे 100 दिवस मोजले. जुलै 2025 मध्ये मुदत उलटली, कोणी सार्वमत मागितले नाही, आणि मग 1 ऑक्टोबर 2025 पासून करार लागू झाला.

नीट ध्यानात घ्या. भारताशी झालेल्या करारावर विचार करायला डोंगरउतारावर गायी चारणाऱ्या स्विस गवळ्याला 100 दिवस मिळाले. आणि ज्या भारताशी तो करार झाला त्या भारतातल्या, लोणार तालुक्यातल्या कास्तकाराला किती मिळाले? एक दिवस नाही. एक तास नाही. कागद एकच, पण स्वित्झर्लंडच्या सहीमागे लाखो लोकांचा होकार तर आमच्या सहीमागे फक्त एक पेन!

याच स्विस लोकांनी 7 मार्च 2021 रोजी इंडोनेशियाशी झालेल्या करारावर खरोखरच मतदान केले. भांडण कशावरून होते? पाम तेलावरून! होय, ज्या पाम तेलाच्या घसरणीचे कारण सांगून आमच्या म्हाताऱ्याच्या ढिगाला बोली लागली, त्याच पाम तेलावरून. जिनिव्हाकडच्या एका द्राक्षमळेवाल्याने मोहीम उभी केली, सह्या गोळा झाल्या, गावोगाव वाद झडले. जंगले तोडून काढलेले तेल आम्ही सवलतीने घ्यायचे का, आमच्या तेलबियांचे काय, अशी खडाजंगी झाली. शेवटी 51.6 टक्क्यांनी होकार आला. करारही असा की टिकाऊ पद्धतीने काढल्याचा पुरावा असेल त्याच पाम तेलाला सवलत. म्हणजे करार टिकला, पण लोकांच्या हाताखालून निघून टिकला. आम्ही तर गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. 2009 मध्ये आग्नेय आशियाई देशांशी करार करून आम्ही त्या तेलाला वाट रुंद करून दिली. केरळात त्या वेळी रबर-नारळवाल्यांसाठी गांधी जयंतीला मानवी साखळी उभी राहिली. महाराष्ट्रात काय उभे राहिले? आमच्या आठवणीत तरी स्वागताच्या कमानी.

वऱ्हाडाला हे नवीन नाही, हेच खरे दुखणे आहे. या मातीचा इतिहास म्हणजे करारांत दिल्या-घेतल्या गेलेल्या मुलुखाचा इतिहास. 1803 मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसले हरले आणि देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख त्यांना सोडावा लागला. तो निजामाच्या पदरात पडला. 1853 मध्ये निजामाकडे इंग्रजी पलटणीच्या खर्चाची थकबाकी झाली, तेव्हा डलहौसीच्या कारकिर्दीत त्याने आख्खा वऱ्हाड कंपनीकडे लावून दिला. सावकाराकडे मोड गहाण टाकावी तसा माणसांनी भरलेला मुलूख गहाण! आणि 1902 मध्ये कर्झनने निजामाकडून तो कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला. वर्षाचे भाडे 25 लाख रुपये. मेहकरच्या पाटलाला, सिंदखेडच्या देशमुखाला, मलकापूरच्या विणकराला त्या तिन्ही वेळी कोणी काही विचारले होते का? विचारायची रीतच नव्हती. राजे होते, लाट होते, आम्ही रयत होतो.

गहाण घेणाऱ्याची नजर कशावर होती ते सांगायला नको. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टर म्हणा लँकेशायर म्हणा, तिथल्या गिरण्यांना वऱ्हाड आठवले. 1870 मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो काही शेगावच्या यात्रेकरूंसाठी नव्हता, गाठी वाहायला होता. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणतात. त्या कुऱ्हाडीचा दांडा कायम दुसऱ्याच्या हातात राहिला, हे म्हणीत सांगायचे राहून गेले.

पण ते राज्य निजामाचे आणि कर्झनचे होते. आता तर आमचे आहे ना? मग आमच्या राज्यात काय आहे ते पाहू. आमच्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत, त्यांतल्या दोन पाहा. केंद्राच्या यादीतली 14 वी नोंद: परदेशांशी करार-तह करणे आणि ते अमलात आणणे. राज्यांच्या यादीतली 14 वी नोंद: शेती. योगायोग पाहा, क्रमांकही एकच! पण दिल्लीच्या चौदाने महाराष्ट्राच्या चौदाला कधीच गिळून टाकले आहे. कलम 253 म्हणते की करार अमलात आणण्यासाठी संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, तो विषय राज्याचा असला तरी. आणि करार करण्याआधी संसदेची परवानगी घ्यायची सक्ती? ती कुठेच नाही. मंत्रिमंडळ हो म्हणाले की झाले. संसदेला कळवतात ते लग्न उरकल्यावर आहेराची यादी पाठवावी तसे.

आणि गंमत अशी की जमिनीचा प्रश्न आला की हेच सरकार पाय आवरून चालते. 1958 मध्ये नेहरू आणि नून यांच्यात बेरुबारीचा तुकडा पाकिस्तानला देण्याचा करार झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देशाची भूमी द्यायची तर घटनाच दुरुस्त करावी लागेल. मग नववी घटनादुरुस्ती झाली. 2015 मध्ये बांगलादेशाशी सीमेवरच्या वस्त्यांची अदलाबदल करायला शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. म्हणजे जमिनीचा तुकडा द्यायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते हवीत, आणि त्याच जमिनीवर पिकणाऱ्या मालाचा सारा बाजार द्यायचा तर कोणाचेच मत नको! जमीन घेऊन आम्हाला काय तिची पूजा करायची आहे?

इंग्रजांशी 24 जुलै 2025 रोजी व्यापार करार झाला. इंग्लंडात 2010 चा कायदा आहे की तह संसदेपुढे 21 कामकाजाचे दिवस ठेवल्याशिवाय त्यावर शिक्कामोर्तब करायचे नाही. शेतमालाच्या करारात माणसे, जनावरे, पिके आणि पर्यावरण यांचे कायदेशीर संरक्षण टिकते का याचा अहवालही वेगळा द्यावा लागतो. म्हणजे ज्यांनी दीडशे वर्षे आम्हाला न विचारता राज्य केले ते आपल्या लोकांना आता विचारतात, आणि त्यांना ज्यांनी घालवले ते विचारत नाहीत. याहून मोठी चपराक कोणती असते?

यात कोणत्या एका पक्षाला झोडपून आम्ही मोकळे होणार नाही. 15 एप्रिल 1994 रोजी माराकेशला जागतिक व्यापार कराराचा दस्तऐवज मान्य करून आले ते काँग्रेसचे वाणिज्यमंत्री. 2009 चा आग्नेय आशियाचा करार त्यांच्याच राजवटीतला. त्या वेळी 'संसदेला विचारा' म्हणून बाके बडवणारे आज सत्तेत आहेत आणि बाके बडवायचे काम आज दुसऱ्यांकडे गेले आहे. खुर्ची बदलली की यांची स्मृती जाते. व्यंकटचलय्या आयोगाने 2002 मध्ये सांगितले होते की करार कसे करायचे याचा कायदा संसदेने करावा. अहवाल सादर झाला, फोटो निघाला, वाळवीला खाद्य मिळाले. आणि आमचे जिल्ह्याचे पुढारी? सर्व पक्षांचे, सर्व झेंड्यांचे? लग्नात अक्षता टाकायला, दहाव्याला सांत्वन करायला, हायमास्ट दिव्याचे उद्घाटन करायला यांना वेळ आहे. एखाद्याने एक तरी करार डोळ्याखालून घातला असेल तर त्याने आमच्या कचेरीत यावे, आम्ही शाल-श्रीफळ देऊ.

'अहो, करार म्हणजे हजारो पानांचे प्रकरण, खेड्यातल्या माणसाला त्यातले काय कळणार?' हा प्रश्न आम्ही शहरातल्या दिवाणखान्यांत पुष्कळ ऐकला आहे. ऐकून घ्या. नव्वदच्या दशकात जागतिक व्यापार कराराचा आर्थर डंकेलचा मसुदा आला तेव्हा या जिल्ह्यातल्या पारावर, चहाच्या टपरीवर, एसटीच्या बाकावर 'डंकेल' हा शब्द होता. शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले. सरकारनेच शेतकऱ्याला उणे अनुदान दिले आहे, बाजार खुला झाला तर तो सुटेल, असे त्यांचे म्हणणे. कर्नाटकात नंजुंडस्वामींनी उलट बाजू धरली आणि त्यांच्या शेतकऱ्यांनी 1992 मध्ये बंगळुरात कारगिल कंपनीच्या कार्यालयात घुसून कागदपत्रे रस्त्यावर फेकली. कोण बरोबर होते? आम्हाला आजही खात्रीने सांगता येणार नाही, आणि आमच्याच कचेरीत यावर दोन तट आहेत. पण एवढे खरे की सातवी शिकलेला कास्तकार आयात शुल्क म्हणजे काय, निर्यातबंदी म्हणजे काय, यावर तासन् तास भांडत होता आणि मुद्द्यावर भांडत होता. पुढे त्याच कराराच्या हिशेबात आमच्या हमीभावाची तुलना 1986-88 च्या जुन्या भावाशी करण्याचे गणित बसवले गेले, आणि 2018 मध्ये अमेरिकेने जिनिव्हात उभे राहून सांगितले की भारत कापसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो. जास्त! 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांची नावे आली त्यांत बुलढाणा होता. त्या जिल्ह्याच्या कापसाला म्हणे जास्त आधार! हे ज्याला चिमटा काढल्यासारखे लागते त्यालाच करार कळतो, आणि हजार पाने वाचूनही ज्याला लागत नाही त्याला काही कळलेले नसते.

कोस्टारिका हा आमच्या एखाद्या महसूल विभागाहूनही कमी लोकसंख्येचा, कॉफी-केळी पिकवणारा देश. 2007 च्या ऑक्टोबरात त्याने अमेरिकेबरोबरच्या व्यापार करारावर सार्वमत घेतले, निसटता होकार आला, करार झाला. आयर्लंडने 2008 मध्ये युरोपचा लिस्बन तह नाकारला, आश्वासने पदरात पाडून घेतली आणि 2009 मध्ये स्वीकारला. एकदा नाही म्हटल्यावर भाव वाढतो, हे आमच्या गुरांच्या बाजारातले ज्ञान त्यांना होते.

ब्रेक्झिटचे बुजगावणे कोणी पुढे करील. जून 2016 मध्ये इंग्रजांनी 51.9 टक्क्यांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला आणि मग वर्षानुवर्षे कपाळ बडवले, हे आम्हीही पाहिले. पण तिथे कोणत्या अटींवर सोडायचे हे लिहिलेलेच नव्हते. कोऱ्या कागदावर मत मागितले. आम्ही लिहिलेल्या, छापलेल्या, सही व्हायच्या कागदावर मत मागतो आहोत. दोन्हींत फरक आहे तेवढा सातबारा आणि शपथपत्रात असतो.

भारतात सार्वमताची रीत नाही म्हणतात. खोटे आहे, आणि मराठी माणसाला तर ते मुळीच सांगू नका. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात मतदान झाले, ते महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे यावर. त्यासाठी संसदेने 1966 मध्ये खास कायदा केला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळे राहणे. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. तरी मतदान निर्मळ व्हावे म्हणून त्यांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. 1,72,191 मते दोन पानांना पडली, 1,38,170 फुलाला. आपण हरलो. आचार्य अत्रे-एसेम जोशींच्या महाराष्ट्राला ते झोंबले, फार झोंबले, पण मानले. विचारून मिळालेला नकार पचतो, हे आपण त्या दिवशी शिकलो. न विचारता लादलेला होकार मात्र पिढ्यान् पिढ्या घशात अडकतो.

आणि गोव्यापर्यंत तरी कशाला जायचे? दारूचे दुकान हटवायला आमच्या खेड्यांतल्या बायका मतदान करतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळे. रांगेत उभ्या असतात त्यांतल्या कितीतरी जणी अंगठेबहाद्दर, पण शिक्का कुठे मारायचा हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. जिला दारूच्या बाटलीवर मत आहे तिला तेलाच्या डब्यावर का नाही? आणि हा प्रश्न केवळ कास्तकाराचा नाही. तेल महागले तर पुण्या-मुंबईच्या बाईचेही कंबरडे मोडते, तिलाही विचारा. सारा देश मिळून 'स्वस्त तेल हवे, वऱ्हाडाचे सोयाबीन मेले तरी चालेल' म्हणाला तर आम्ही ते छातीवर दगड ठेवून मानू. निदान मारणाऱ्याचे तोंड तरी दिसेल.

प्रत्येक करारावर मतदान घ्या असा वेडगळ हट्ट आमचा नाही. लोणारचे सरोवर 2020 मध्ये रामसर करारातल्या पाणथळांच्या यादीत गेले. त्यासाठी कोणी मतपेटी मांडायची गरज नव्हती, आणि आम्हाला त्याचा अभिमानच आहे. स्विस मंडळींशी झालेल्या करारातही दूध, सोया असे नाजूक पदार्थ वगळले आहेत, हे आम्ही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण वगळले तेही कोणी? त्याच बंद दालनातल्या लोकांनी. आज वगळण्याची कृपा झाली, उद्या घालण्याची होईल. कृपेवर जगायचे तर निजाम काय वाईट होता?

शेतीच्या मालाला हात लावणारा कोणताही करार सहीआधी मराठीत छापून तालुक्याच्या ठिकाणी ठेवला पाहिजे. कोणत्या पिकाचे शुल्क किती घटणार, कोणत्या वर्षी, हे त्यात कास्तकाराला कळेल अशा भाषेत असले पाहिजे. संसदेत त्यावर मत झाले पाहिजे, नुसती चर्चा नको. आणि पुरेशा मतदारांनी सह्या करून मागितले तर सारा देश मतपेटीपुढे उभा राहिला पाहिजे. यासाठी कायदा लागतो, आणि गोव्यासाठी तो होऊ शकला तर देशासाठी का होऊ नये? 2019 मध्ये बँकॉकला आशियातल्या मोठ्या व्यापारगटातून भारत ऐनवेळी बाहेर पडला. त्याआधी दूधवाले, शेतकरी, कारखानदार साऱ्यांनी गलका केला होता. म्हणजे गलक्याने सरकार हलते. मग तो गलका मतपेटीत का नको?

आमच्याच जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. खड्ड्यात मातीचे ढेकूळ, त्यावर पाण्याची घागर, भोवताली अठरा धान्ये, पानविडा. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात, कोणता दाणा हलला, पानविडा जागेवर आहे का, आणि जमलेल्या हजारो लोकांपुढे तिथेच उघड्या रानात सांगतात: कापूस कसा, तूर कशी, राजाची गादी कशी. ते भाकीत खरे ठरते की खोटे हा वाद तुम्ही खुशाल घाला. पण त्या पहाटे आमच्या पिकाविषयी जे काही बोलले जाते ते आमच्या तोंडावर, मोठ्याने आणि मराठीत बोलले जाते. दिल्लीचा एकही वाणिज्यमंत्री आजवर इतका धीट निघालेला नाही.

ग्रामसभा वर्षातून चार ठरलेल्या दिवशी भरतात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. येत्या ग्रामसभेत घाटावरच्या आणि घाटाखालच्या तेराही तालुक्यांतल्या गावांनी ठरावाची वही उघडावी. ठराव आम्ही इथेच लिहून देतो, वाचकांनी कात्रण काढून ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हातात ठेवावे: 'आमच्या शेतमालावर परिणाम करणारा कोणताही परदेशी करार आम्हास वाचून दाखविल्याशिवाय व आमचे मत घेतल्याशिवाय करण्यात येऊ नये, असे ही सभा सर्वानुमते ठरविते.' सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा आम्ही कोऱ्या ठेवल्या आहेत. सूचकाच्या जागी त्या दिवशी बाजार आवारात वर पाहत राहिलेल्या काकांचे नाव लिहायला आम्हाला आवडले असते. पण आम्ही नाव विचारेपर्यंत ते हिशेबपट्टी घडी करून बंडीच्या खिशात घालून, रिकामी पोती काखेत मारून, गावच्या शेवटच्या एसटीसाठी निघून गेले होते.